सरकीसकट

राळेगावच्या मेडिकलसमोर देवसिंग राठोड पाऊण तासापासून उभा होता. एवढ्या वेळात त्यानं डोकेदुखीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, बामची डबी आणि पोट साफ करायचं चूर्ण विकत घेतलं होतं. यातल्या कशाचीच त्याला गरज नव्हती. ज्यासाठी आला होता, त्या वस्तूचं नाव मात्र ओठांपर्यंत येऊन परत पोटात जात होतं.

तसा देवसिंग घाबरट गडी नव्हे. विहिरीत उतरून त्यानं एकदा नाग धरला होता. तांड्यातली माणसं ती धामण होती म्हणतात, पण विहिरीत उतरलं कोण होतं? ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला हिशेब विचारणारा तांड्यात तो एकटाच. अशा माणसाची गाडी एका पुड्यापाशी येऊन अडकली होती, आणि त्याचं त्यालाच हसू येत होतं. हसू आलं की त्याला ठसका लागायचा, मग दुकानदार राजदीप विचारायचा, "काका, खोकल्याचं आणखी एक देऊ?"

झालं होतं असं. सकाळी हंसाबाईनं नवऱ्याला गोठ्यात गाठलं. घरात बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतच चालायचं, पण आईला 'याडी' म्हणतात तेवढं राहू देऊन आपण ते वऱ्हाडीत ऐकू, म्हणजे सगळ्यांनाच समजेल.

"राळेगावले जाऊन राह्यले ना, कापसाचा नमुना घेऊन?"

"हो. जिनिंगवर दाखवतो, भाव इचारतो. काहून?"

"मंग मेडिकलातून पॅडचा पुडा घ्या आन् ग्राउंडवर खेळाच्या दीपा मॅडमच्या हातात नेऊन द्या. संगीताले आज सकाळीच पाळी आली."

देवसिंगनं दचकून बैलाकडे पाहिलं.

"हळू बोल ना!"

"कोणाले हळू? बैलाले?"

"अवं, पण मंग खेळू नको म्हण तिले आजच्या दिवस."

"मागच्या साली दोन मॅचा अशाच बसून काढल्या तिनं. म्हणते, याडी, फडकं घेऊन पळता येत नाही. डाग पडला तर पोट्टे हासतात. मी टीममधून नावच काढून टाकते म्हणते. आज तालुक्याची फायनल हाय. आज नाही खेळली तर यवतमाळच्या टीमात तिचं नाव जात नाही, मॅडमनं सांगतलं. मी गेली असती, पण शेतात बाया लावल्या वेचाले."

"पण इटाळात खेळाचं म्हणजे..."

"इटाळात दिवसभर कापूस वेचाले चालते तुमाले!"

हा टोला बरोबर बसला, कारण गोष्ट खरी होती. महिन्याभरापूर्वी सीतादही झाली. सीतादही म्हणजे कापसाची पहिली वेचणी. शेतात दहीभाताचा नैवेद्य, पूजा, आणि मग बायांनी पहिलं बोंड वेचायचं. नेमकी त्या दिवशी संगीताला पाळी आली. देवसिंगनं तिला शेतात पाऊल ठेवू दिलं नाही. पोरगी दिवसभर शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीखाली बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दोन बाया कमी पडल्या, तेव्हा हाच देवसिंग तिला म्हणाला, "चाल, लाग वेचाले." एका रात्रीत विटाळ कुठं गेला, हे हंसाबाईनं तेव्हा विचारलं नव्हतं. ते तिनं आजच्यासाठी राखून ठेवलं होतं.

बरं, पोरीच्या खेळाचं कौतुक देवसिंगला कमी होतं असंही नाही. नववीतली संगीता खो-खोच्या टीमची कॅप्टन होती. संध्याकाळी ती अंगणात सराव करायची, तेव्हा पाठमोरं बसायला देवसिंगच असायचा. ती पाठीवर थाप मारून "खो!" ओरडायची आणि पंचेचाळिशीचा हा गडी धोतर सावरत उठून तुळशीपर्यंत पळायचा. "माझी पोट्टी यवतमाळले खेळन," हे त्यानं तांड्यात प्रत्येक दारी सांगून ठेवलं होतं. म्हणजे आता पोरगी घरी बसली असती, तर नाक त्याचंच कापलं जाणार होतं.

म्हणून तो मेडिकलसमोर उभा होता. शेवटी सायकलवरून कॉलेजची एक पोरगी आली, एक पाय जमिनीवर टेकवून खणखणीत आवाजात म्हणाली, "दादा, एक पॅडचा पुडा द्या," आणि पैसे देऊन निघूनही गेली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं. देवसिंग तिच्याकडे पाहतच राहिला.

"काका, तुमाले?"

"मलेबी... थेच," देवसिंग बामच्या डबीकडे पाहत म्हणाला.

राजदीपनं पुडा पेपरात गुंडाळला, दोरा बांधला आणि काळ्या पिशवीत घातला. इथं देवसिंगचं डोकं चाललं. त्याचं डोकं चाललं की काहीतरी होतं, असा घरच्यांचा अनुभव आहे. त्यानं विचार केला, काळी पिशवी म्हटलं की आत काय आहे हे शेंबडं पोरगंही ओळखतं. त्यानं ती पिशवी तिथंच फेकली आणि पेपरातला पुडा आपल्या कापडी थैलीत टाकला. त्या थैलीत आधीच एक पुडा होता, तोही पेपरात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेला. तो कापसाचा नमुना. सीतादहीचा पहिला कापूस देवसिंगनं महिनाभर देवाजवळ ठेवला होता, कारण तोच जिनिंगवर दाखवला तर भाव चांगला लागतो, असा त्याचा विश्वास होता. त्या दोन-तीन सालांत भाव कोणालाच लागत नव्हता, पण विश्वास ठेवायला पैसे पडत नाहीत.

ग्राउंडवर पोचेपर्यंत साडेबारा झाले होते. दीपा मॅडम पोरींना खांबाजवळ काहीतरी समजावत होत्या. देवसिंगनं लांबूनच "मॅडम" अशी हाक मारली, मान वळवून आभाळाकडे पाहत थैलीत हात घातला, हाताला लागला तो पुडा त्यांच्या हातात कोंबला, "हंसानं देल्लं" एवढं म्हणाला आणि चक्क पळत सुटला. मॅडम मागून म्हणत होत्या, "देवसिंगभाऊ, थांबा तर, चहा घ्या!" पण तोवर तो फाटकाबाहेर होता. आपण एवढं मोठं काम केलं, याचा त्याला इतका आनंद झाला की वाटेत त्यानं एक पान खाल्लं.

जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी, त्याची बी, काढायच्या कारखान्यात, त्या दिवशी पंधरा-वीस शेतकरी जमले होते. देवसिंगच्या तांड्याचा प्रमुख, खेमसिंग नायकही होता, लाल पागोटं बांधून. मधोमध खुर्चीवर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर श्रावणभाऊ. तीस वर्षं कापूस ओढून ओढून त्याच्या बोटांना डोळे फुटले होते, आणि त्यामुळेच की काय, खऱ्या डोळ्यांनी काम सोडत आणलं होतं.

"आन रे देवसिंग, पाहू तुहा कापूस."

देवसिंगनं ऐटीत पुडा दिला. "सीतादहीचा हाय, श्रावणभाऊ. देवाजवळचा."

श्रावणभाऊनं कपाळाला हात लावून नमस्कार केला, दोरा तोडला, पेपर उलगडला. आतून हिरवंगार पाकीट निघालं. त्यावर एक पोरगी हवेत उडी मारून हसत होती.

देवसिंगच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

"हे कोणतं वाण व्हय बे?" श्रावणभाऊनं पाकीट नाकाला टेकवून पाहिलं.

आता त्या माणसांनाही दोष देता येत नाही. ते दिवसच तसे होते. दर हंगामात नवं बियाणं निघायचं, नवं पाकीट, त्यावर हसणारं कोणीतरी. आपलं पीक गेलं आणि शेजाऱ्याचं आलं, की त्यानं कोणतं पाकीट आणलं होतं याची चौकशी व्हायची. माणसं लग्नाच्या पंगतीतही बियाण्यावरच बोलायची.

"नवीन बियाणं आनलं यानं," खेमसिंग नायक खुर्चीला येऊन भिडला. "पाहा, इंग्लिश लिव्हलं हाय. काहून रे देवसिंग, तांड्याले न सांगता?"

"नाही ना नायक, थे बियाणं नाही..."

"कोठून आनलं, थे सांग आधी."

"मेडिकल..." देवसिंगच्या तोंडून गेलं.

"आता मेडिकलातबी बियाणं मिळते? काही नेम नाही बाप्पा. मागल्या साली किराण्यात मिळे."

तेवढ्यात श्रावणभाऊनं पाकीट फाडलंही होतं. आतलं एक काढून त्यानं उलगडलं, मधोमध चिरलं आणि सवयीप्रमाणे चिमटीत धरून ओढलं. त्याचा चेहरा बदलला.

"आरारारा! सफेदी पाहा. कचरा नाही, पत्ती नाही." त्यानं पुन्हा ओढलं. "आन् सरकी कोठी हाय? सरकीच नाही! तीस सालं झाली मले या धंद्यात. जिनिंग करूनच उगवणारा कापूस आज पाहून राह्यलो."

मग काय, झुंबड उडाली. जो तो हात पुढे करू लागला. कोणी ओढून पाहिलं, कोणी गालाला लावून पाहिलं, कोणी उन्हात धरलं. वजनकाट्याजवळ बसलेल्या दोन तरण्या पोरांना सगळं समजलं होतं. ती तोंडात रुमाल कोंबून डोळ्यांतून पाणी काढत होती. खेमसिंग नायकानं एक नीट घडी करून पागोट्यात खोचलं आणि म्हणाला, "तांड्यात दाखवतो. पुढच्या साली हेच पेरू."

देवसिंग गप्प राहिला असता तर भागलं असतं. इज्जत शाबूत राहिली असती, वर नवं बियाणं आणणारा म्हणून नावही झालं असतं. तो गप्प राहणारच होता. पण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, त्यात पावणेदोन वाजून गेले होते, आणि दोन वाजता मॅच होती. हा पुडा इथं, म्हणजे मॅडमच्या हातात काय गेलं? सीतादहीचा कापूस! तोही सरकीसकट! त्याला एकदम बोरीखाली बसलेली संगीता दिसली. दिवसभर ती एका काडीनं मातीत खो-खोचे चौकोन काढत बसली होती, आणि त्यानं ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं. आज ग्राउंडच्या कडेलाही ती अशीच बसली असेल, आणि उद्या टीममधून नाव काढेल, आणि ते आपल्यामुळे.

"अबे ठेवा थे!" देवसिंग ओरडला. "बियाणं नाही थे! माह्या पोरीचे पॅड हायत! पाळी हाय तिची, आन् दोन वाजता मॅच हाय!"

सात-आठ माणसं हात पुढे धरून तशीच उभी, कोणालाच हातातलं कुठं ठेवावं ते समजेना. खेमसिंग नायकाचा हात हळूहळू पागोट्याकडे गेला. त्यानं ते काढलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि काहीच न सुचून परत पागोट्यातच ठेवलं.

पहिला बोलला तो श्रावणभाऊ.

"किती वाजता म्हणतो मॅच?"

"दोन."

"मंग उभा काहून हायस? मलेबी दोन नाती हायत. चाल, माह्या स्कूटरवर बस." स्कूटरला किक मारता मारता तो म्हणाला, "पण खरं सांगू का देवसिंग, माल एक नंबर हाय."

श्रावणभाऊला लांबचं जेवढं दिसायचं, तेवढ्यावर त्यानं स्कूटर कशी चालवली हे देवसिंगला आठवत नाही, कारण त्यानं डोळे मिटले होते. मेडिकल आलं तसा तो रस्त्यातूनच ओरडला, "राजदीप! पॅडचा पुडा दे!"

दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

"पेपरात बांधू ना काका?"

"बांधलं म्हणूनच तर झालं सगळं! तसाच दे!"

"डोकेदुखीची गोळी?"

"थे सकाळचीच हाय अजून!"

उघडा पुडा हातात धरून देवसिंग ग्राउंडवर धावत शिरला तेव्हा दोन वाजून गेले होते, मॅच सुरू झाली होती, आणि संगीता खेळत होती. खेळत होती म्हणजे काय, वीज शिरल्यासारखी धावत होती. खांबाला वळसा घालून ती परत फिरली, समोरच्या टीमची शेवटची पोरगी हुलकावणी देऊन निसटणार, तोच संगीतानं अंग झोकून दिलं आणि धुळीत पडता पडता तिच्या टाचेला हात लावला. शिट्टी झाली. राळेगावचं सगळं ग्राउंड ओरडायला लागलं. देवसिंगही ओरडला, पण पान तोंडात होतं म्हणून त्याचा सदरा खराब झाला.

मॅच संपली. संगीताची टीम दोन गुणांनी जिंकली. संगीता धापा टाकत बापासमोर आली. गुडघे फुटलेले, केसांत माती. तिच्या मागं सगळी टीम, आणि टीमच्या मागं दीपा मॅडम. मॅडमच्या हातात पेपरातला तो कापूस.

"बा, हे तू पाठवलं?" संगीता अगदी गंभीर होती. "सीतादहीचा कापूस? देवाजवळचा? मले?"

देवसिंगनं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर पुडा बदलला, तू कशाला हात लावलास बाई, असं काहीसं तो बोलणार होता. पण समोर अकरा-बारा पोरी टक लावून त्याच्याकडे पाहत होत्या, आणि अशा नजरेनं त्याच्याकडे जन्मात कोणी पाहिलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"मुद्दाम?"

मागं श्रावणभाऊ खोकला. देवसिंगला वाटलं, खोकल्याचं औषध आपल्या खिशात आहे, द्यावं.

"मुद्दाम," तो म्हणाला. "तू बोरीखाली बसली व्हती ना त्या दिवशी. मले बरं नाही वाटलं."

हे दुसरं मात्र खरं होतं, आणि ते आपल्या तोंडून कसं निघालं याचं त्यालाच नवल वाटलं.

"सरकी तरी काढाची ना बा," संगीता म्हणाली, आणि सगळ्या पोरी खदखदून हसल्या. देवसिंगनं हातातला उघडा पुडा पुढे केला. "हे घे. यवतमाळले लागन." एवढ्या माणसांत. आणि आभाळ काही कोसळलं नाही.

आता या गोष्टीतली जिनिंगची भानगड तांड्यात पोचायला हवी होती, पण पोचली नाही. ती सांगणार कोण? तिथं हजर असलेला तांड्यातला माणूस एकच, खेमसिंग नायक, आणि सांगायचं म्हटलं की पागोट्याचंही सांगावं लागणार. त्यामुळे तांड्यात फक्त दुसरी अर्धी गोष्ट गेली. देवसिंगनं देवाजवळचा कापूस पाळीच्या पोरीला पाठवला म्हणे! कपाळाला आठ्या घालणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्या निघाल्याच, पण त्यांच्याहून थोरल्या रामीबाईनं भर पारावर सांगितलं, "माणूस असावा तर असा. आमच्या वक्ताले असा बाप नव्हता कोणाले." दुसऱ्या आठवड्यात तांड्यातल्या आणखी तीन पोरींनी दीपा मॅडमकडे खो-खोला नावं दिली. देवसिंग मान खाली घालून फिरू लागला. लोक म्हणाले, पाहा, गर्व नाही माणसाला.

संगीता यवतमाळला खेळली, तिसरा नंबर आणला. वर्ष गेलं. पुन्हा कापसाची पऱ्हाटी फुटली, पुन्हा सीतादहीचा दिवस आला. शेतात दहीभात मांडला, बाया जमल्या, नायकही आला. संगीता आता दहावीत. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बा, आज मले पाळी हाय."

सगळ्या बाया देवसिंगकडे पाहू लागल्या. देवसिंगनं नायकाकडे पाहिलं. नायकानं पागोट्याला हात लावला आणि घाईघाईनं दुसरीकडे पाहिलं. देवसिंगचं मन अजूनही कां-कूं करत होतं, खोटं कशाला सांगा. पण वर्षभर मिरवल्यावर आता मागं फिरायला तोंड कुठं होतं?

"मंग काय झालं?" तो म्हणाला. "पहिलं बोंड तूच वेच."

तिनं वेचलं. काही झालं नाही. पऱ्हाटी जागच्या जागी उभी राहिली. देवसिंग मात्र जाऊन त्याच बोरीखाली पाठमोरा बसला. थोड्या वेळानं संगीता मागं येऊन उभी राहिली.

"बा, एक सांगू? रागावशीन नाही ना? त्या दिवशी मॅडमच्या बॅगीत पॅड व्हतेच. त्या नेहमीच ठेवतात. आन् पुडा बदलला हे मले पेपर उघडला तवाच समजलं. मी घाबरून रडून राह्यली व्हती, खेळत नाही म्हणत व्हती. सरकीवाला कापूस पाहून मले असं हसू सुटलं का भेवच पळालं. सगळी टीम हासली. दोघीजणी तर म्हणाल्या, आमालेबी आजच हाय."

देवसिंग मागं न वळता म्हणाला, "मंग तवाच काहून नाही बोलली?"

"मी इचारलं ना तुले, मुद्दाम पाठवला का म्हणून. तू सगळ्या टीमसमोर हो म्हणला." ती हसली. "मंग म्या ठरवलं, आता याले सोडाचं नाही."

वर्षभर आपण लोकांना फसवतोय असं देवसिंगला वाटत होतं, आणि इथं पोटच्या पोरीनं त्याला वर्षभर बिनबोभाट धरून ठेवलं होतं. त्याला राग यायला हवा होता. डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि त्याच वेळी हसूही फुटलं. तेवढ्यात पाठीवर सणसणीत थाप बसली.

"खो!"

सवयीनं देवसिंग धोतर सावरत ताडकन उठला आणि पळालाही, थेट पऱ्हाटीच्या ओळीपर्यंत. तिथं हंसाबाई उभी होती. तिनं वेचणीचं फडकं त्याच्या कमरेला गुंडाळून गाठ मारली.

"आलेच तर लागा वेचाले," ती म्हणाली. "आज दोन बाया कमी हायत."